वेगाची हौस आणि घरची जबाबदारी

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रात्री आमची धाकटी बहीण घरी आली. पाणीसुद्धा न घेता तिने हातातला मोबाइल आमच्यासमोर धरला. जेमतेम पंधरा सेकंदांची चित्रफीत होती. मोटारीचा वेगमापक, त्यावर १४० च्या पुढे सरकणारा काटा, समोर सांगली-मिरज रस्त्यावरचे दिवे आणि शेवटी एक हसण्याचा आवाज. तो आवाज आमच्या भाच्याचा होता.

"भाईजान, याचे अब्बा असते तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. आता तुम्हीच काय ते बघा," एवढे बोलून ती खाली बसली.

भाचा चोवीस वर्षांचा आहे. डिप्लोमा करून कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. चार वर्षांच्या पगारातून पैसे साठवून, कुणाचे कर्ज न काढता त्याने एक जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी घेतली. मुलगा वाईट नाही. आईची औषधे वेळेवर आणतो, धाकट्या बहिणीची फी भरतो. पण ती गाडी हाती आली की त्याला काय होते, हे त्याचे त्यालाच कळत नसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोलावून घेतले. इतकी वर्षे मुलांना शिकवत आलो आहोत, भाषणाची कमतरता नव्हती. त्याने मान खाली घालून सगळे ऐकले आणि मग हळूच म्हणाला, "मामू, रस्त्यावर केलं ते चुकलंच. अम्मीची माफीही मागितली. पण गाडी जोरात चालवावीशी वाटणं हीच चूक आहे का? त्यासाठी जागा असते. कोइम्बतूरला ट्रॅक आहे. तुम्ही एकदा बघा तर खरं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण न देता "नको" म्हटले की पोर आपली पाठ वळेपर्यंतच ऐकते, हे वर्गात आम्ही रोज पाहतो. म्हणून त्याला म्हटले, "माहिती काढू, मग बोलू." तोपर्यंत गावात सरळ चालवायची, हे वचन मात्र घेतले. पुढचे तीन महिने आम्ही माहिती काढत राहिलो आणि शेवटी भाचा, त्याची आई आणि आम्ही असे तिघे कोइम्बतूरला गेलो. तिथे जे पाहिले आणि शिकलो ते घरात तरुण मुले असलेल्या सर्वांच्या उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडत आहोत.

छोटी मोटार, मोठी हौस

मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो आणि ज्यात अख्खे कुटुंब बसते, अशा लहान मोटारीला हॅचबॅक म्हणतात. त्याच मोटारीत ताकदीचे इंजिन, जरा कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवले की हौशी लोक तिला 'हॉट हॅच' म्हणतात. ही आवड आजकालची नाही. ब्रिटनच्या इवल्याशा मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली आणि लहान गाडी मोठ्या गाड्यांना हरवू शकते हे जगाने पाहिले. १९७६ साली जर्मनीत गोल्फ जीटीआय विक्रीला आली. वजन साधारण आठशे किलो आणि ताकद ११० अश्वशक्ती. आठवडाभर कचेरीला जायचे, बाजारहाट करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, ही रीत युरोपात तिथून रुजली. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा जुना ट्रॅक तर ठरावीक दिवशी सामान्य माणसालाही पैसे भरून आपल्या गाडीतून फिरता येतो.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पोलो पुण्याजवळच्या चाकणला २००९ पासून २०२२ पर्यंत तयार होत होती. १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. भाच्याच्या पोलोचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण टर्बो असल्याने १०५ अश्वशक्ती देणारे. आज हा आकडा मोठा वाटत नाही. पण अकराशे किलोच्या गाडीला आणि चोवीस वर्षांच्या मुलाला तेवढा पुरेसा होतो.

ट्रॅक म्हणजे काय

भारतात शर्यतीचे मोठे पक्के ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक पाच किलोमीटरहून थोडा मोठा असून तिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला 'करी मोटर स्पीडवे' आहे, त्याची लांबी दोन किलोमीटरहून थोडी अधिक. त्याला एस. करिवर्धन यांचे नाव दिले आहे. वस्त्रोद्योगातल्या या गृहस्थांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून शर्यतीच्या स्वस्त गाड्या बनवल्या आणि सामान्य ऐपतीच्या मुलांना या खेळाचे दार उघडून दिले. १९९५ साली विमान अपघातात ते गेले.

इथे दोन गोष्टींतला फरक समजून घ्यायला हवा. शर्यत म्हणजे इतरांशी स्पर्धा. त्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो. ट्रॅक डे म्हणजे सरावाचा दिवस. ट्रॅक भाड्याने घेतलेला असतो, गाड्या थोड्या थोड्या करून आत सोडतात, पुढे जायचे तर ठरलेल्या सरळ भागातच आणि पुढच्याने खूण केल्यावरच. पहिला-दुसरा कुणी नसतो. याखेरीज ऑटोक्रॉस नावाचा प्रकार आहे. त्यात मोकळ्या मैदानात शंकू मांडून एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. वेग कमी, खर्चही कमी. सुरुवात करणाऱ्याला हाच प्रकार बरा, असे आम्हाला तिथल्या जाणत्यांनी सांगितले.

आपल्या समाजातले लोकही या खेळात पुढे आहेत. चेन्नईचे अकबर इब्राहिम स्वतः शर्यतपटू होते आणि नंतर वरील राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव अरमान परदेशातल्या शर्यतींत उतरले. चेन्नईच्याच अलिशा अब्दुल्ला यांनी मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही प्रकारांत नाव मिळवले. त्यांचे वडील आर. ए. अब्दुल्ला हे मोटारसायकल शर्यतींतले नामांकित खेळाडू. दोन्ही घरांत मुलांच्या आधी वडील ट्रॅकवर उतरलेले होते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटली.

जाण्याआधीची तयारी

आमची समजूत होती की गाडी वेगवान करायची म्हणजे इंजिनावर पैसे घालायचे. भाच्याच्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींनी ती मोडून काढली. ते म्हणाले, "आधी थांबायचं बघा, पळायचं नंतर."

त्यांनी समजावले ते असे. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतीची ऊर्जा चौपट होते. साठच्या वेगाला ब्रेक दाबल्यावर गाडी वीस मीटरमध्ये थांबत असेल, तर एकशेवीसला ऐंशी मीटर लागतात. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक लावला की पुढे त्याला निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर मात्र दर वळणाला तेच करावे लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेले जुने ऑइल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडून खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

म्हणून त्यांनी ब्रेक ऑइल नवे भरले, पॅड बदलले, टायर तपासले, बॅटरी घट्ट आवळली. इंजिनाला हात लावला नाही. गाडीतून स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालच्या चटया असे सुटे सगळे काढून ठेवायचे, अशी ताकीद दिली. वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, हे सांगायला नको. चालकासाठी चांगले हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बंद बूट.

त्या दिवशी काय पाहिले

मिरजेहून कोइम्बतूर हजार किलोमीटरच्या आसपास पडते. आम्ही बेळगाव, हुबळी, बंगळूरमार्गे दोन दिवसांत पोहोचलो. बहिणीची अटच होती, "तो जाणार असेल तर मी समोर बसून बघणार." ती पूर्ण वेळ छताखाली बसून होती, हातात तसबीह.

सकाळी आधी गाडीची तपासणी झाली. कुठून गळती नाही ना, पट्टे ठीक आहेत ना, ओढायचा हूक जागेवर आहे ना, हे त्यांनी खाली वाकून पाहिले. मग सर्व चालकांचा वर्ग भरला. आम्हीही मागे जाऊन बसलो. मास्तरांना दुसऱ्याच्या वर्गात बसायला क्वचितच मिळते! पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये परत या. काळा तुम्हाला दाखवला तर तुमचे काही चुकले आहे, आत या. झेंडा न पाळणाऱ्याला घरी पाठवू, हेही स्पष्ट सांगितले. तेवढ्यावर पंचविशीची, तिशीची मुले शहाण्यासारखी माना डोलवत होती. गावातल्या सिग्नलवर हीच मुले अशी वागतील तर काय पाहिजे, असे आमच्या मनात आले.

पहिल्या सत्रात शिक्षक भाच्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. ब्रेक सरळ रेषेत लावायचा, वळण सुरू होण्याआधी. वळणात सावकाश शिरायचे, म्हणजे बाहेर पडताना वेग मिळतो. आणि नजर बॉनेटवर नको, पुढच्या वळणावर हवी, कारण डोळे जातात तिकडे हात जातात. तो परत आला तेव्हा घामाने भिजला होता. म्हणाला, "मामू, मला गाडी चालवता येते असं मला वाटत होतं."

दुसऱ्या सत्रात तो एकटा होता. चौथ्या फेरीत त्याने एका वळणावर उशिरा ब्रेक लावला. गाडी वळायला तयार होईना, तशी घाबरून त्याने मध्येच पाय उचलला. पुढचे वजन एकदम वाढले, मागची चाके हलकी झाली, गाडी गर्रकन फिरली आणि धुरळा उडवत कडेच्या मोकळ्या जमिनीत जाऊन उलट्या तोंडाने थांबली. पिवळे झेंडे वर गेले. मागच्या दोन्ही गाड्यांनी वेग कमी केला आणि सांभाळून निघून गेल्या.

आमची बहीण उठून उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. अर्धा मिनिट असेल नसेल, पण आम्हाला ते फार लांब वाटले. मग गाडी हळूहळू वळली आणि पिटकडे आली. भाचा खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. अंगावर ओरखडाही नव्हता, गाडीलाही नाही.

शिक्षकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथे मोकळ्या जागेऐवजी झाड असतं तर? किंवा समोरून एसटी?"

भाच्याने उत्तर दिले नाही. त्याने वळून आईकडे पाहिले. त्या रात्रीच्या चित्रफितीवर आम्ही तासभर बोललो होतो. ते सारे जिथे पोहोचले नव्हते तिथे हा प्रश्न पोहोचला, हे आम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

दुपारी तो पुन्हा आत गेला. आईनेच सांगितले, "जा, पण शिकवलं तसं." या वेळी फेऱ्या संथ वाटत होत्या, पण शिक्षक म्हणाले की आधीपेक्षा वेळ कमी लागला. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारायची आणि गाडी उभी केल्यावर हॅन्डब्रेक लावायचा नाही, कारण तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात, हेही तो आता स्वतःहून पाळत होता. चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, बस्स.

खर्च आणि धोका, दोन्ही खरे

आता हिशेब. प्रवेश शुल्क, पेट्रोल, पॅड, ऑइल, हेल्मेट, झिजलेले टायर, दोन रात्रींचा मुक्काम असा एका दिवसाचा सगळा खर्च त्याच्या एका महिन्याच्या पगाराच्या पुढे गेला. घरात बहिणीची फी आहे, आईचे उपचार आहेत. म्हणून बसून ठरवले की वर्षातून एकदाच, तेही घरखर्च भागल्यावर उरेल त्यातून. हौस घरच्यांच्या हक्काच्या पैशांतून पुरवली तर ती हौस राहत नाही, फिजूलखर्ची होते. ज्या गाडीने ट्रॅकवर गेलो तिनेच हजार किलोमीटर परत यायचे आहे, म्हणून पॅड आणि टायर यांचा थोडा जीव परतीसाठी राखून ठेवायचा, हेही त्या हिशेबातच आले.

विम्याचे कागद आम्ही ट्रॅकवर जाण्याआधी काढून वाचले, ते बरे झाले. आपल्याकडच्या मोटार विम्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी असे उपयोग वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी मोडली तर भरपाईची आशा ठेवू नये. जेवढे नुकसान सोसता येईल तेवढीच गाडी तिथे न्यावी.

ट्रॅकवर धोका नसतो असेही कुणी समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय शर्यतीत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी चालक अपघातात मरण पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच मोटारसायकल शर्यतीत तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. रुग्णवाहिका, डॉक्टर, हेल्मेट हे सारे असूनही जीव जाऊ शकतो. फरक इतकाच की तिथे उतरणारा धोका जाणून, स्वतःच्या मर्जीने उतरतो. रस्त्यावरचा सायकलवाला, दूधवाला, शाळेची पोरे यांना कुणी विचारलेले नसते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले आहेत.

कायदाही घरच्यांना माहीत हवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगा अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती चावी देऊन कौतुकाने पाहणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

घरी परतल्यावर

परतीच्या वाटेवर भाचा गाडी चालवत होता. हुबळीच्या पुढे एक मोटार दिवे चमकवत मागे चिकटली. चार महिन्यांपूर्वी त्याने काय केले असते ते आम्हाला ठाऊक होते. त्याने डावीकडे सरकून तिला जाऊ दिले आणि पुढच्या ट्रकपासूनचे अंतर आणखी वाढवले. "तिला किती ब्रेक लागेल हे त्याला माहीत नाही," एवढेच म्हणाला. मागच्या सीटवर त्याची आई झोपली होती. त्याच्या गाडीत ती झोपलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

तो एका दिवसात फरिश्ता झाला, असे लिहिणार नाही. मित्रांचे रात्रीचे फोन अजून येतात. दोनदा तो "येत नाही" म्हणाला, एकदा गेला, आणि तिथून लवकर परत आल्याचे त्याने स्वतःच सांगितले. गाडीचा आवाज गल्लीत ऐकू येईपर्यंत बहीण अजूनही जागीच असते.

आम्ही मात्र यातून एक धडा घेतला. मुलाच्या अंगातली वेगाची ओढ रागावून जात नाही, ती फक्त आपल्या नजरेआड जाते. ज्यांची ऐपत आहे त्यांनी तिला योग्य जागा दाखवावी, जवळपास एखाद्या मैदानावरचा ऑटोक्रॉस असला तरी चालेल. ज्यांची नाही त्यांनी निदान मुलाला एकदा शेजारी बसवून साठ आणि एकशेवीसचा हिशेब कागदावर करून दाखवावा. आणि जे काही कराल ते त्याच्यासोबत जाऊन करा. त्या दिवशी गाडी फिरली तेव्हा आमच्या भाच्याने सर्वांत आधी पाहिले ते त्याची आई कुठे आहे.